घाटातले ब्रेक, गाडीचा तोल आणि चालवणाऱ्याचा विश्वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घाट उतरताना ज्यांचे तळहात घामेजतात, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. गाडी लहान हॅचबॅक असो की सात सीटर, मुद्दे तेच. माझं ठाम मत असं की घाटातली भीती बहुतेकांच्या मनात नसते, पायाखाली असते. पेडल दाबल्यावर काय होणार हे आधीच माहीत असलं की हात आपोआप सैल पडतात.

ब्रेक गाडी थांबवायला असतात. त्यांचा वळण घेण्याशी काय संबंध?

फार जवळचा संबंध आहे. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे सरकतं. आकड्यात बघू. १,२०० किलोची गाडी आहे, इंजिन पुढे असल्यामुळे साधारण ७२० किलो भार पुढच्या चाकांवर आणि ४८० किलो मागच्या चाकांवर आहे. कोरड्या डांबरावर जोरात ब्रेक मारला तर दोनशे किलोच्या आसपास भार मागून पुढे जातो. म्हणजे पुढे ९३० आणि मागे जेमतेम २७०. मागची चाकं त्या क्षणी जवळजवळ अर्धीच रस्त्याला दाबलेली असतात.

अशा वेळी स्टिअरिंग झटक्यात फिरवलं तर मागचा भाग बाहेर सरकू बघतो. उलट हलक्या पायाने, हळूहळू दाबलेला ब्रेक पुढच्या टायरवर योग्य तेवढा भार आणतो आणि गाडी वळणात नीट नाक घालते. एकच गाडी, एकच वळण, पण एकाच्या हातात ती रेल्वेसारखी रुळावर जाते आणि दुसऱ्याच्या हातात हेलकावे खाते, त्याचं कारण बहुतेक वेळा उजवा पाय असतो.

मग ब्रेक वळणाआधी मारायचा की वळणात?

आधी. गाडी सरळ असताना वेग कमी करा, गिअर खाली घ्या, मग वळणात शिरा, आणि वळण सुटू लागलं की हलका ॲक्सिलरेटर द्या. टायरची पकड म्हणजे ठरावीक पगार आहे. ब्रेकवर जास्त उडवला तर वळणासाठी हातात कमी उरतो, आणि पावसात हा पगारच कापला जातो.

बहुतेक चालक हे ऐकून मान डोलावतात आणि तरी वळणाच्या तोंडापर्यंत ॲक्सिलरेटर सोडत नाहीत. नजर जवळ असते म्हणून असं होतं. पुढच्या गाडीच्या डिकीकडे बघू नका. वळणाच्या आत, रस्ता जिथे दिसेनासा होतो तिथे बघा. तो बिंदू तुमच्याकडे झपाट्याने येत असेल तर वळण आवळतंय, वेग आत्ताच कमी करा. तो बिंदू दूर सरकू लागला की वळण उघडतंय.

वळणात शिरल्यावर कळलं की वेग जास्त आहे. मग?

झटक्याने ब्रेक मारू नका आणि ॲक्सिलरेटरही एकदम सोडू नका. दोन्हीने वजन पुढे धावतं. पाय ॲक्सिलरेटरवरून सावकाश उचला, नजर जिथे जायचंय तिथे ठेवा, आणि लागला तर ब्रेक हलका, एकसारखा दाबा. स्टिअरिंग वाढवत नेऊनही गाडी सरळच जात असेल तर पुढच्या टायरची पकड सुटली आहे. तिथे आणखी स्टिअरिंग फिरवून उपयोग नाही. थोडं परत आणा, वेग उतरू द्या, टायर पुन्हा रस्ता धरतील. समोर अडथळाच असेल तर मात्र विचार करत बसू नका, पूर्ण ब्रेक दाबा. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) असलेली गाडी तशा स्थितीतही वळवता येते.

घाट कोणत्या गिअरमध्ये उतरायचा?

ट्रकवाल्यांमध्ये जुना नियम आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. तो आजही खरा आहे. बहुतेक छोट्या गाड्यांना तीव्र उतारावर दुसरा आणि सौम्य उतारावर तिसरा गिअर पुरतो.

यामागचं गणित एकदा समजलं की माणूस गिअर विसरत नाही. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना उंची हजार मीटरहून जास्त कमी होते. चार माणसं बसलेली १,३०० किलोची गाडी हजार मीटर खाली येते तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, ती गाडी ताशी १०० किमी वेगावरून पूर्ण थांबवायला लागणाऱ्या ऊर्जेच्या पंचवीसपट असते. त्यातला काही भाग हवा आणि टायर खातात. उरलेला एक तर इंजिन खाईल, नाहीतर तुमचे ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी डिस्क आणि तिला दाबून धरणारे पॅड. गिअर खाली ठेवला की मोठा वाटा इंजिन उचलतं. इंजिनचा आवाज वाढला म्हणून घाबरू नका, आरपीएमचा काटा लाल पट्ट्याच्या खाली असेपर्यंत त्याला काही होत नाही.

न्यूट्रल टाकून उतरलं तर पेट्रोल वाचतं ना?

नाही. इंजेक्शनची, म्हणजे आजची जवळपास कोणतीही, गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजिनला इंधन जाणंच बंद होतं, चाकं इंजिनला फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी इंधन जळत राहतं. म्हणजे न्यूट्रल टाकून तुम्ही पेट्रोलही घालवता आणि इंजिनची धरही.

काही जण त्यापुढे जाऊन उतारावर इंजिन बंद करतात. कृपया कधीही करू नका. ब्रेक पेडलला मदत करणारा बूस्टर इंजिन बंद झाल्यावर दोन-तीन वेळा दाबण्यापुरताच पुरतो. त्यानंतर पेडल दगडासारखं कडक होतं, पॉवर स्टिअरिंगही जड होतं, आणि किल्ली मागे फिरली तर स्टिअरिंग लॉक होण्याचा धोका वेगळाच.

माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. मी काय करू?

डी मध्ये ठेवून नुसत्या ब्रेकवर घाट उतरू नका. एएमटी (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच-गिअर आपोआप बदलणारा) असेल तर मॅन्युअल मोडमध्ये जाऊन दुसरा किंवा तिसरा गिअर धरा. सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर या दुसऱ्या प्रकारांच्या ऑटोमॅटिक गाडीत एल, एस, २ किंवा प्लस-मायनस यांपैकी काहीतरी असतंच. त्याचं काम सपाटीवर एकदा करून बघा, घाटात पहिल्यांदा लिव्हरकडे बघायची वेळ येऊ देऊ नका. आणि डाव्या पायाने ब्रेक दाबायची सवय लावून घेऊ नका. क्लचची सवय असलेला डावा पाय घाबरला की पेडल पार तळाशी नेतो.

इलेक्ट्रिक गाडीत हा प्रश्नच नाही, खरं का?

बराचसा खरा. मोटर जनरेटरसारखी चालून बॅटरी भरते (याला रिजनरेशन म्हणतात) आणि गाडी धरून ठेवते, पॅडही फारसे झिजत नाहीत. पण एक गोष्ट शोरूममध्ये क्वचितच सांगितली जाते. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर परत येणारी वीज ठेवायला जागा नसते आणि रिजनरेशन कमी पडतं किंवा बंद होतं. थंड हवेच्या ठिकाणी हॉटेलवर रात्रभर चार्जिंग करून सकाळी थेट घाट उतरणाऱ्याला पायाखाली अचानक वेगळीच गाडी मिळते. वर मुक्काम असेल तर चार्जिंग ८० ते ८५ टक्क्यांवर थांबवा. उतरताना त्यातलं काही भरेल. शिवाय इलेक्ट्रिक गाडी बॅटरीमुळे वजनदार असते आणि तिच्या डिस्क कमी वापरामुळे गंजतात, म्हणून अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर साधा ब्रेक जरा जोराने वापरत चला.

पाय ब्रेकवर ठेवूनच उतरलं तर सुरक्षित वाटतं. चूक काय?

वाटतं, असतं नाही. सतत दाबलेल्या पॅडच्या तोंडाला हवा लागत नाही, ते तापत जातात, आणि इंजिन किती धरतंय याचा अंदाज तुम्हाला येतच नाही. त्याऐवजी गिअर खाली ठेवा, वेग ४५ कडे गेला की ठाम ब्रेक दाबून ३५ वर आणा आणि पाय पूर्ण उचला. पुन्हा वाढला की पुन्हा तेच. दर वेळी पेडल सारख्याच उंचीवर आणि सारख्याच जोराने लागतंय का ते पाय तुम्हाला सांगतो. ही माहिती लाखमोलाची आहे. मागून येणाऱ्यालाही तुमचा ब्रेक लाइट काहीतरी सांगतो. सतत जळणारा लाल दिवा काहीच सांगत नाही.

घाटात जळका वास आला. थांबायचं का?

हो, सुरक्षित जागा दिसली की. वास बहुतेक वेळा लायनरचा, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या थराचा असतो. दोन वेगळ्या गोष्टी घडू शकतात आणि पेडलवरून त्या ओळखता येतात. पेडल नेहमीसारखं टणक लागतंय, पण गाडी म्हणावी तशी धरत नाही, तर पॅड तापून त्यांचं घर्षण कमी झालंय. पेडल मऊ पडलं, खोल जाऊ लागलं, तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेत. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे, कारण वाफ दाबली जाते आणि तुमचा जोर कॅलिपरपर्यंत (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागापर्यंत) पोचतच नाही.

थांबल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. हँडब्रेक करकचून ओढू नका, तापलेला ड्रम (बऱ्याच गाड्यांच्या मागच्या चाकांतला डबीसारखा ब्रेक) थंड होताना आकसतो आणि लायनर चिकटू शकतात. चाकावर पाणी तर अजिबात ओतू नका, लाल तापलेली डिस्क तडकू शकते. अर्धा तास चहा घ्या. निघण्याआधी उभ्या गाडीत पेडल दाबून बघा, ते वरच्या वर टणक लागलं तरच हला, आणि पुढे एक गिअर आणखी खाली ठेवून उतरा.

ब्रेक ऑइल खरंच बदलावं लागतं? पातळी तर बरोबर आहे.

पातळी आणि दर्जा या वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. नवं डॉट ४ ग्रेडचं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. सुमारे पावणेचार टक्के पाणी शिरलं की त्याचीच किमान मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. कोकणातल्या आणि मुंबईच्या दमट हवेत राहणाऱ्या गाडीने हा खर्च टाळू नये. दोन वर्षांतून एकदा बदला, आणि टाकीच्या झाकणावर जो ग्रेड लिहिलाय तोच वापरा. डॉट ५ हे सिलिकॉनचं ऑइल आहे, ते यात मिसळायचं नसतं. नाव सारखं असलं तरी डॉट ५.१ वेगळं.

आणखी एक. पातळी हळूहळू खाली गेली तर बहुधा पॅड झिजलेत, आधी पॅड तपासा. एकदम खाली गेली तर गळती आहे, गाडी हलवू नका.

एबीएस लागला की पेडल थरथरतं आणि मी घाबरून पाय काढतो.

फार जणांचं होतं हे. ती थरथर म्हणजे यंत्रणा तुमच्यासाठी काम करतेय. चाक लॉक व्हायला आलं की ती दाब सोडते आणि पुन्हा देते, सेकंदात अनेक वेळा. तुम्ही पाय काढला की सगळं वाया जातं. दाबून ठेवा आणि गाडी वळवा. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, म्हणजे त्यानंतरची गाडी असेल तर तुमच्याकडे ते आहेच. पण सैल खडी, माती किंवा चिखलावर एबीएसने थांबायचं अंतर वाढूही शकतं. तिथे त्याचा उपयोग गाडी हातात ठेवण्यापुरता धरा.

ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते.

आधी टायरमधली हवा चारही चाकांत तपासा, फुकट काम आहे. हवा ठीक असेल तर एखादा कॅलिपर अडकलेला असतो, किंवा एका बाजूच्या पॅडला ऑइल-ग्रीस लागलेलं असतं. घरच्या घरी खूण पाहायची तर दहा-पंधरा मिनिटं साधं चालवून थांबा आणि पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात न्या, लावू नका. एका बाजूची धग स्पष्ट जास्त असेल तर मेकॅनिकला तेच सांगा. ब्रेक न मारताही गाडी ओढत असेल तर अलाइनमेंट बघा. ओढणाऱ्या गाडीने घाटात जाऊ नये असं मी सरळ म्हणेन, कारण ओल्या वळणावर एका बाजूने जास्त लागणारा ब्रेक गाडी फिरवतो.

जास्त वेगात ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं.

डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. लोक ‘डिस्क वाकली’ म्हणतात, पण बहुतेक वेळा पॅडचा थर असमान बसलेला असतो किंवा चाकाचे नट कमी-जास्त आवळलेले असतात. जाडी शिल्लक असेल तर डिस्क घासून घेता येते. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, त्याखाली गेली असेल तर बदलाच.

पावसाळ्यात सकाळी ब्रेक खरखरतात.

रात्रीत डिस्कवर गंजाची पातळ पापुद्री चढते. दोन-चार वेळा ब्रेक मारला की जाते. कोरड्या दिवसांतही दर वेळी चिरका आवाज येत असेल तर पॅड संपत आलेत. बऱ्याच पॅडना त्यासाठीच पत्र्याची जीभ लावलेली असते.

पाण्यातून गाडी काढल्यावर मात्र लगेच ब्रेक हलका दाबून थोडं चाला. मागच्या ड्रममध्ये शिरलेलं पाणी लवकर निघत नाही. कोकणातल्या लाल चिखलातून आल्यावर चाकं आतून धुवून घ्या, तो चिखल वाळून कॅलिपरच्या पिना अडकवतो.

मागे डिस्क नाही, ड्रम आहेत. काळजी करू?

नको. जोरात थांबताना सत्तर टक्क्यांच्या आसपास काम पुढचे ब्रेक करतात. ड्रम नीट सेट केलेले असले की पुरे.

वेगाचा आणि थांबण्याच्या अंतराचा नेमका हिशोब काय?

वेग दुप्पट झाला की ब्रेकने लागणारं अंतर चौपट होतं. चांगल्या कोरड्या डांबरावर ताशी ४० किमी वेगावरून गाडी आठ मीटरमध्ये थांबते, ८० वरून ३१ मीटर लागतात. यात पाय पेडलवर जायचा एक सेकंद धरा: ४० ला ११ मीटर, ८० ला २२. एकूण १९ विरुद्ध ५३. ओल्या रस्त्यावर हे आणखी वाढतं, आणि टायर झिजलेले असतील तर ब्रेक कितीही भारी असोत, उपयोग नाही. कायद्याने गाडीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिमी हवी. पावसाळ्यात घाटात जायचं तर मी ३ मिमीच्या खाली जाऊ देणार नाही.

नवे पॅड टाकल्यावर ब्रेक आधीपेक्षा वाईट लागतोय.

पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात. तेवढ्यात मध्यम जोराने ब्रेक मारत चला, आणि घाटाच्या आदल्या दिवशी पॅड बदलू नका. पेडल मात्र मऊ लागत असेल तर लाइनमध्ये हवा राहिलीय. परत जाऊन हवा काढून घ्या, ‘चालवत राहा, होईल ठीक’ असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका.

एकदा घाटात ब्रेक नीट लागला नाही, तेव्हापासून भीती बसलीय. काय करू?

भीती दाबू नका, तिचं कारण काढा. आधी गाडी तपासून घ्या आणि मेकॅनिकच्या हातून काढलेले पॅड स्वतः डोळ्यांनी बघा. जाडी ३ मिमीच्या आसपास आली असेल तर बदला. शंका राहिलेली गाडी चालवणारा माणूस फार लवकर, फार वेळ ब्रेक दाबतो, त्याने पॅड तापतात, आणि त्याची शंका खरी ठरते.

मग सीट नीट लावा. पेडल तळापर्यंत दाबलं तरी गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा. खूप मागे बसणाऱ्याला जोर देता येत नाही, अंगठ्याने ब्रेक मारावा लागतो. टाच जमिनीवर टेकवा. चप्पल काढून ठेवा किंवा पट्ट्याची घाला.

त्यानंतर एखाद्या रिकाम्या मैदानात किंवा सुट्टीच्या दिवशी ओस पडलेल्या औद्योगिक वसाहतीतल्या रस्त्यावर, मागे-पुढे कुणी नाही याची खात्री करून, ताशी ४० वर पूर्ण ब्रेक मारा. पेडल पार दाबा. एबीएसची थरथर पायाला कळू द्या. पुढच्या खेपेला ब्रेक दाबलेला ठेवूनच गाडी बाजूला वळवा. वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्या कितीतरी जणांनी आपल्या गाडीचा पूर्ण ब्रेक कधी वापरलेलाच नसतो, आणि संकटात ते अर्धाच जोर देतात. सोबत घरातलं अनुभवी माणूस असेल तर उत्तम, पण ‘अगं हळू’, ‘अरे दाब’ असं ओरडणारं नको.

मग छोटा घाट निवडा, दिवसा, कोरड्या रस्त्यावर, गाडी भरलेली नसताना. मागून हॉर्न वाजला तर जागा बघून बाजूला व्हा आणि जाऊ द्या.

आणि पेडल खरोखरच तळाला गेलं तर?

भराभर पंप करा, बऱ्याचदा थोडा दाब परत येतो. त्याच वेळी गिअर एकेक करत खाली आणा. हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढा, एका झटक्यात ओढला तर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरेल. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर बहुतेक गाड्यांत स्विच ओढून धरल्यावर गाडी टप्प्याटप्प्याने थांबते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत आजच वाचून ठेवा. हॅझर्ड लाइट, हॉर्न चालू. इंजिन बंद करू नका. काहीच जमलं नाही तर दरीकडे नाही, डोंगराच्या बाजूला, गटाराच्या कडेने गाडी घासत न्या.

ब्रेक न लागण्याची काही प्रकरणं मुळात ब्रेकची नसतातच. पायाशी ठेवलेली पाण्याची बाटली उतारावर घरंगळत येते आणि पेडलखाली अडकते. सैल मॅट पुढे सरकून तेच करते. निघताना चालकाच्या पायाशी काहीही ठेवू नका, आणि मॅटचे हूक लागलेत का ते हाताने ओढून बघा.